जास्तीची ओळ

एका गावात एक पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास होता. खाली गिरणी चालवायची कौसल्या, वर क्लास चालवायचा तिचा धाकटा भाऊ निवृत्ती. आईबाप लवकर गेलेले. कौसल्येने लोकांची दळणं दळून भावाला शिकवलं, माडीही तिनेच बांधून दिली. तिच्याजवळ त्या गिरणीशिवाय दुसरं काही नव्हतं.

निवृत्ती हुशार होता, मी कुठे नाही म्हणतोय? पण नुसती हुशारी काय चाटायचीय? त्याच्यात धीर नव्हता. एकदा त्याच्या डोक्यात आलं की कॉम्प्युटरला शेअर बाजार शिकवायचा. दहा वर्षांचे भाव त्याच्यापुढे टाकायचे, त्याने आपलं आपण शिकायचं आणि शेअर उद्या चढेल की पडेल ते सांगायचं. त्यासाठी त्याने दोन याद्या केल्या. एकीत प्रश्न, म्हणजे आज शेअर चढला की पडला. दुसरीत उत्तर, म्हणजे दुसऱ्या दिवशी काय झालं. शेजारी शेजारी वाचून कॉम्प्युटरने शिकायचं होतं.

पण प्रोग्रॅम काही चालेना. सुरू केला की लाल अक्षरं. एक चूक काढावी तर दोन नव्या उगवत. चार महिने असं चाललं. क्लासची पोरं कंटाळून दुसरीकडे गेली, निवृत्तीची दाढी वाढली, जेवणावरचं लक्ष उडालं.

कौसल्या दुपारी डबा घेऊन वर यायची.

"काय म्हणतंय रे तुझं यंत्र?"

"चूक म्हणतंय, अक्का. रोज चूकच म्हणतंय."

"मग बरंय की. बोलतंय तरी. माझी गिरणी कुरकुरली की मी आधी मोटर बंद करते आणि दाण्यात हात घालते. खडा सापडल्याशिवाय बटण दाबत नाही."

निवृत्ती नुसता हसला. पीठ आणि प्रोग्रॅम यांचा काय संबंध, असं त्याला वाटलं.

शेवटी एकच चूक राहिली. कॉम्प्युटर म्हणाला, दोन याद्या जुळत नाहीत. प्रश्नांच्या यादीत एक ओळ जास्त आहे. कुठली, ते काही तो सांगेना. अडीच हजार ओळी होत्या. एकेक तारीख लावून बघायची, एवढंच काम होतं. पण निवृत्तीचं डोकं पार विटलं होतं. तो म्हणाला, "एक ओळ जास्त आहे ना? मग एक काढली की झालं!" आणि त्याने सगळ्यात वरची ओळ उडवून टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

लाल अक्षरं गेली आणि प्रोग्रॅम सुरळीत चालला. निवृत्तीने जुन्या शंभर दिवसांवर त्याची परीक्षा घेतली. शंभरपैकी शंभर! अहो, पंचांग सांगणाऱ्यालाही इतकं जमत नाही. इथे तरी त्याने थांबायला हवं होतं. मग त्याने गेल्या दिवाळीनंतरचे महिने घेतले, तेव्हा निम्मी उत्तरं चुकली. "यंदा बाजारच बिथरलाय," असं म्हणून त्याने ते महिनेसुद्धा परीक्षेतून काढून टाकले.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी तो खाली गिरणीत आला.

"अक्का, गिरणी विक. वर्षभरात दोन घेऊन देतो. तुझे हात किती दिवस पिठात राहणार?"

कौसल्येने पदराने तोंडावरचं पीठ पुसलं. तिने एवढंच विचारलं, "ते रोज चूक सांगायचं. एकदम गप्प कसं झालं?"

"दुरुस्त केलं मी."

"चूक काय होती?"

निवृत्तीला ते ठाऊकच नव्हतं. "मला माहीत नाही," एवढे तीन शब्द त्याला बोलायचे होते. त्या तीन शब्दांत गिरणी वाचली असती. पण आपण ज्याला शिकवलं तो भाऊ हुशार आहे, हे बहिणीच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि ते घालवायची त्याला लाज वाटली.

"तुला नाही कळायचं ते," तो म्हणाला.

"बरं बाबा," कौसल्या म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिने माडी तेवढी ठेवून गिरणी पलीकडच्या भिकूशेठला विकली आणि पैसे भावाच्या हातात ठेवले.

पहिले दहा दिवस बाजार रोज चढत होता. कॉम्प्युटर रोज "चढेल" म्हणाला आणि रोज खरं ठरलं. निवृत्तीने पेढे वाटले. मग बाजार एक दिवस वर, एक दिवस खाली असा डोलायला लागला. तो चढला की कॉम्प्युटर म्हणे उद्या चढेल, आणि पडायचा. पडला की म्हणे उद्या पडेल, आणि चढायचा. निवृत्ती मात्र त्याच्या शब्दावर सौदे करत राहिला. आषाढ लागायच्या आत सगळं संपलं. गिरणी गेली होती, आता पैसेही गेले.

मग काय, आता त्याच्याकडे वेळच वेळ होता. एका दुपारी तो दोन्ही याद्या घेऊन बसला आणि एकेक तारीख लावत गेला. दीड तासात जास्तीची ओळ सापडली. ती गेल्या लक्ष्मीपूजनाची होती. त्या दिवशी बाजाराला सुट्टी असते, पण मुहूर्त म्हणून तासभर उघडतो. उत्तरांची यादी निवृत्तीने सुट्ट्या बघून हाताने केली होती. बाकी वर्षांचा तो एक तास त्याने आठवणीने धरला, तेवढा गेल्या वर्षीचा विसरला.

त्याने तोंडात मारून घेतली. ती ओळ जागेवरच राहिली होती, आणि वरची ओळ कापल्यामुळे तिच्या आधीचा प्रत्येक प्रश्न एक घर वर सरकला होता. म्हणजे आजच्या प्रश्नाच्या जागी उद्याचंच उत्तर येऊन बसलं होतं. कॉम्प्युटर दहा वर्षं नुसती कॉपी करायला शिकला होता. जे दिसेल तेच परत बोलायचं, एवढंच त्याला येत होतं. दिवाळीनंतरच्या ओळी तेवढ्या सरळ होत्या, तिथेच तो चुकत होता, आणि निवृत्तीने नेमक्या त्याच बाजूला काढल्या होत्या.

आणि तो मुहूर्ताचा तास? त्या वेळी निवृत्ती स्वतः कॉम्प्युटरपुढे बसला होता. अक्काने गिरणीला हळदकुंकू वाहिलं होतं, मग वर येऊन कॉम्प्युटरलाही वाहिलं होतं. हे आठवलं तेव्हा त्याला मोठ्याने रडू फुटलं.

तो खाली गेला. कौसल्या गिरणीतच होती. भिकूशेठने तिला रोजावर ठेवलं होतं, दुसऱ्याच्या गिरणीत लोकांची दळणं घालायला. निवृत्तीने उंबऱ्यातच उभं राहून तिला सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही.

कौसल्येने ऐकून घेतलं. "शोधायला किती वेळ लागला?"

"दीड तास."

तेवढ्यात गिरणी कुरकुरली. दाण्यात खडा आला असावा. कौसल्येचा हात सवयीने मोटरच्या बटणाकडे गेला.

"ए बाई, चालू दे! बाहेर रांग लागलीय!" गल्ल्यावरून भिकूशेठ ओरडला.

कौसल्येने हात मागे घेतला. गिरणीचा दगड कुरकुरतच राहिला, आणि बहीणभाऊ तो आवाज ऐकत उभे राहिले.

तात्पर्य: चूक दाखवणाऱ्याचं तोंड बांधू नये, न शोधलेली चूक शेवटी आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्याच पदरी पडते.