गायरानाची कमान आणि हजार लिटरची टाकी

माळेवाडीच्या गायरानात गाजरगवत इतकं माजलं, की ते खाऊन गाईंचं दूध कडू लागायला लागलं आणि डेअरीनं कॅन परत पाठवले. मग दूध संस्थेनं ट्रॅक्टरमागं ओढायचा फवारणी पंप घ्यायचं ठरवलं.

दुकानासमोर दोन पंप उभे होते, एक दोनशे लिटरचा आणि एक हजाराचा. अध्यक्ष हणमंतरावांनी हजाराच्या टाकीवर थाप मारली. "हाच घ्यायचा. तालुक्यात असा कुणाकडं नाही."

गावची गुरं राखणारी तानूबाई सोबत आली होती. ती म्हणाली, "अण्णा, लहान बरा."

"तुला यंत्रातलं काय कळतं? यात एक खोट दाखव, लहान घेतो."

तानूबाईनं हातातली काठी मोठ्या पंपाच्या चाकांपुढं आडवी धरून त्याची रुंदी मापली.

"यंत्रात खोट काहीच नाही," ती म्हणाली. अध्यक्ष खूश झाले.

"फक्त एक सांगा. गायरानाला चौफेर चर आहे, आत जायला तुम्ही बांधलेली कमान तेवढी. ती भरते दीड काठी आणि हा पंप भरतोय दोन काठ्या. म्हणजे एक खांब पाडावा लागणार. डाव्यावर तुमचं नाव कोरलंय, उजव्यावर तुमच्या वडिलांचं. कोणता पाडायचा?"

हणमंतरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते दुकानदाराकडं वळले.

"लहान पंप कोणकोणत्या रंगात मिळतो?"