कललेल्या चौथऱ्यावरचे वेध

फार पूर्वी, समुद्रकाठच्या एका राज्यात एक म्हातारा वेधकार राहत असे. बंदरामागच्या टेकडीवर दगडी चौथरा होता आणि त्यावर पितळेची लांब नळी बसवलेली होती. कोणता तारा कोणत्या ऋतूत क्षितिजापासून किती वर येतो, हे त्या नळीतून मोजायचे आणि ताडपत्रावर उतरवायचे, यात त्याचे आयुष्य गेले. या मोजणीला लोक वेध म्हणत. टेकडीखालच्या वेधघरात ती ताडपत्रे ठेवलेली असत आणि तिथे कोणालाही मज्जाव नव्हता. ज्याला हवे त्याने यावे, पाहावे, नक्कल करून न्यावी. त्या नकलांच्या भरवशावर गलबते खोल समुद्रात जात.

एकदा एक गलबत खडकांवर आपटून फुटले. त्यावरचे कोणीच परत आले नाही.

ते गलबत चालवणाऱ्या तांडेलाची बायको काही दिवसांनी वेधघरात आली. नवऱ्याने सोबत नेलेल्या वेधांची दुसरी प्रत तिच्या घरी होती. ती तिने मूळ ताडपत्रांशी ताडून पाहिली. एक अक्षरही चुकले नव्हते.

"म्हणजे यांच्याकडून चूक झाली नाही," ती म्हणाली. "मग बाबा, चूक कुठं झाली?"

वेधकाराने पाण्याची घागर उचलली. तो टेकडी चढून गेला, नळी उतरवली आणि मोकळ्या चौथऱ्यावर घागरभर पाणी ओतले. पाणी चौफेर सारखे पसरायला हवे होते. ते सावकाश एकाच बाजूला वाहू लागले. खालची जमीन खचून चौथरा कलला होता, कधीपासून कोण जाणे. म्हणजे तेव्हापासूनचे सगळे वेध चुकलेले होते.

प्रधानाच्या कानावर गोष्ट गेली. त्याने सुचवले, की वेधघर दुरुस्तीच्या नावाखाली बंद ठेवावे, सगळे वेध गुपचूप नव्याने मांडावेत आणि जुनी ताडपत्रे जाळून टाकावीत. राज्याची अब्रू राहील, वेधकाराचीही. वेधकाराला मोह झाला. या वयात नाव घालवणे त्याला जड जात होते. पण त्याला समुद्रावरची गलबते आठवली.

"इथली पत्रं बदलतील, प्रधानजी," तो म्हणाला. "पण जी लोकांच्या हाती गेलीत, ती खोटी ठरली हे त्यांना कोण सांगणार?"

तो आधी तांडेलाच्या बायकोकडे गेला आणि खरे ते सांगितले. तिने विचारले, "बाकीच्यांना सांगितलं?"

"अजून नाही."

"मग इथं का बसलात?"

त्याच दिवशी वेधकाराने बंदरात दवंडी पिटवली, की जुने वेध चुकीचे आहेत. लोक संतापले. वेधकार दिसला की माणसे तोंड फिरवू लागली. त्याने चौथरा सरळ करून घेतला आणि एकेक जुना वेध दुरुस्त करायला घेतला. दुरुस्त पत्र तो जुन्या पत्राशेजारीच ठेवी आणि किती बदल केला, कशासाठी केला, तेही लिही. बंदरातले बाकीचे तांडेल म्हणाले, चुकीची पत्रे फेकून का देत नाही?

"नळीला जे दिसलं ते त्यात आहे," तो म्हणाला. "उद्या माझी दुरुस्तीच चुकली, तर लोकांनी कशावरून ताडून पाहायचं?"

आणि दुरुस्ती खरेच चुकली होती. काही वर्षांनी दूरदेशीची एक गणिती बाई आली. तिने वेधघरात बसून जुनी आणि दुरुस्त पत्रे शेजारी शेजारी लावली. तिच्या ध्यानात आले, की चौथरा एकदम नव्हे, हळूहळू खचत गेला होता. वेधकाराने मात्र सगळ्या वेधांना सारखाच बदल लावला होता. तिने ते भीत भीत त्याला सांगितले. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतले, आपला हिशेब पुन्हा तपासला आणि म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. आता तुम्ही मांडा."

जुनी पत्रे शाबूत होती, म्हणून ते जमले. तिने मांडलेले वेधही सर्वांसाठी उघडे ठेवले गेले आणि गलबते त्या खडकांना वळसा घालून सुखरूप जाऊ लागली.

तांडेलाच्या बायकोने वेधकाराला क्षमा केली की नाही, हे तिने कधीच सांगितले नाही. पण तिचा धाकटा भाऊ समुद्रावर निघाला, तेव्हा ती स्वतः वेधघरात गेली, नव्या वेधांची नक्कल उतरवली आणि त्याच्या हाती दिली.

तात्पर्य: ज्ञान चुकू शकते, पण ते सर्वांसाठी उघडे असेल आणि झालेली चूक लपवली नसेल, तरच ते सुधारता येते.