तळ्याकाठच्या वीराची राखण

एका गावात एक भोळा राखणदार होता. नाव पिराजी. कामाला चोख, पण सांगितलेली गोष्ट एकदा डोक्यात शिरली की तिथेच मुक्काम ठोकायची.

गाव डोंगराच्या कुशीत, पुढ्यात भलंमोठं तळं. तळ्याकाठच्या रस्त्याला लागून एक वीरगळ उभा होता, म्हणजे गावच्या गायी सोडवताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. आता रस्ता रुंद होणार होता. बुधवारी रस्त्याच्या कामाचे साहेब दगड बघायला येणार. त्यांना पटला तर रस्ता वळसा घेणार, नाहीतर दगड उखडणार. सरपंच हौसाकाकींना दगड काही जाऊ द्यायचा नव्हता. गावातली प्रत्येक नवरी आधी त्या दगडाच्या पाया पडे. काकीही पडल्या होत्या. त्यांनी आपल्या पुतण्याला, पिराजीला, राखणीला बसवलं.

रविवारी सहलीची मंडळी आली. फोटो काढू लागली. पिराजी दगडापुढे छाती काढून उभा. सगळ्या फोटोंत पिराजी, दगड एकातही नाही.

"आरं येड्या, कुणी आलं की बाजूला सरावं. दगडाजवळ जाऊ द्यावं."

"आसं व्हय? बरं काकी."

सोमवारी सकाळी शेळ्या आल्या. पिराजी अदबीनं बाजूला सरला. शेळ्यांनी वीराचा हार खाल्ला, दगडाला पाठ खाजवली आणि लेंड्या टाकून गेल्या.

"आरं, दगडाला कुणी आंग लावलं की काठी उगारावी! पार तळ्यापातूर हाकलावं!"

"आसं व्हय? बरं काकी."

दुपारी शहरातलं एक म्हातारं जोडपं आलं. आजींनी दगडाला डोकं टेकवलं. पिराजीनं काठी उगारली. आजोबा गुडघाभर पाण्यात, आजी त्यांच्याही पुढे. काकींनी दोघांना कोरडे कपडे दिले, चहा पाजला, दहा वेळा हात जोडले.

"आरं, भाविक माणसं ती! दगडापुढं जो वाकंल त्याला हार घालावा, नारळ द्यावा. लागंल ती मदत करावी."

"आसं व्हय? बरं काकी."

मंगळवारी दुपारी टेम्पो घेऊन चौघे आले. हातात पहारी. दगडापुढे चांगले कंबरेत वाकले. पिराजीला भरून आलं. त्यानं चौघांना हार घातले, नारळ दिले.

"काय मदत पायजे?"

"दगड जड आहे हो."

"येवढंच ना?" पिराजीनं बाह्या सारल्या.

बुधवारी सकाळी काकी साहेबांना घेऊन तळ्याकाठी आल्या. दगडाच्या जागी खड्डा. खड्ड्याशेजारी खुशीत पिराजी.

"दगड कुठाय रं?"

"भाविक घिऊन गेले. म्या उचलू लागलो."

काकी मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या.

"रडू नगा काकी, आज ती परत आल्यात. इचारत व्हती, गावात आणखी कायी जुनं हाय का."

काकींचं रडं थांबलं. "मग?"

"मग तुमच्या खुटीवरची देवळाची किल्ली दिली. पर देव दगडापरास जड. चौघांना हालंना. म्हणून तालमीतली आठ पोरं लावून दिली. उठत नव्हती, सरपंचांचा हुकूम हाय म्हनालो, तवा पळत गेली."