तिसऱ्या रांगेतला बूट

“मग तुमच्यामागे ही बंडखोरी चालवणार कोण, सर?”

प्रश्न अगदी नम्र होता. उत्तर मात्र हेरंब वाकणकर मिरजेहूनच ठरवून आला होता.

समोर आरामखुर्चीत एडविन थ्रॉप. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात एकटाच राहणारा, पंच्याऐंशी वर्षांचा नाटककार. तरुणपणी त्याने भल्याभल्यांना रंगमंचावर सोलून काढलं होतं. बंदी आली, खटले झाले. गडी नमला नाही.

त्याचं पहिलं नाटक हेरंबने मराठीत केलं होतं. आता दुसरं हवं होतं. त्या नाटकाच्या भरवशावर नोकरी सोडून झाली होती. परवानगीचा कागद टेबलावर होता, फक्त सही राहिली होती.

थ्रॉपने पेनचं टोपण काढलं. मग म्हणाला,

“आधी फळीवरची ती वस्तू आण.”

फळीवर एकही मानचिन्ह नव्हतं. होता एक जुना, भेगाळलेला बूट. डाव्या पायाचा. हेरंबने तो दोन बोटांत धरून आणला.

“पहिला प्रयोग. मी स्वतः काम करत होतो. तिसऱ्या रांगेतून हा भिरभिरत आला.” थ्रॉपने भुवईवरचा व्रण दाखवला.

“कोण मूर्ख होता?”

“बाहेर बर्फ पडत होता. बिचारा एका पायात नुसता मोजा घालून घरी गेला...”

थ्रॉपने बूट मांडीवर घेतला. सुटलेली नाडी नीट बांधली.

“दुसऱ्या दिवशी परत आला. त्याच खुर्चीत बसला. शेवटपर्यंत.”

“बूट मागायला?”

“मी देत होतो. त्याने घेतला नाही.”

हेरंबचा ऊर भरून आला. आणि मग त्याला राहवेना.

“सर, आमचे एकशे दहा प्रयोग झाले. तुमचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. एकदा तर मंत्री आले, त्यांनी स्टेजवर येऊन मला शाल घातली!”

“मधेच कोणी उठून गेलं?”

“एकही नाही!”

थ्रॉपने पेनला टोपण लावलं. बूट मात्र हेरंबच्या हातात दिला.

“सगळे घरी गेले...” त्याने हळूच विचारलं, “दोन्ही पायांत बूट घालून?”