छबीची झोळी

टेकडीखालच्या एका गावात कोंडिबा नावाचा एक भोळा माणूस होता. एकदा शिकवलेलं तो कधी विसरायचा नाही. खरी पंचाईत तीच होती.

त्याच्या तान्ह्या छबीचं जावळ काढायचं होतं, टेकडीपलीकडे मामाच्या घरी, मामाच्या मांडीवर. पण कोंडिबाच्या बायकोची, हौसाची, कंबर धरलेली. पोरीला त्यानंच न्यायचं, या विचारानं बिचारीचा जीव टांगणीला लागला. तिनं जुन्या लुगड्याची झोळी शिवली आणि त्याच्या गळ्यात अडकवली.

"पोटाशी घट्ट बांधायचं. तोंड उघडं ठेवायचं, वारा लागला पाहिजे."

"बरं," कोंडिबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हौसानं त्याला शेजारून ताक आणायला धाडलं. गाडगं पोटाशी घट्ट बांधून, तोंड उघडं ठेवून तो परतला. ताक सगळं धोतरात.

"वारा छान लागत होता," तो म्हणाला.

"अहो, तोंडाला फडकं बांधायचं."

"बरं."

संध्याकाळी हौसाचा भाऊ लहानू त्यांना न्यायला आला. कोंडिबा वेशीपर्यंत सामोरा गेला. लहानू घरात शिरला तो तोंडाला फडकं बांधून.

"थेंब सांडला नाही," कोंडिबा म्हणाला.

"अहो, पाहुण्याला मोकळं चालू द्यायचं. ओझं तेवढं आपण घ्यायचं."

"बरं."

सकाळी निघायची वेळ झाली. छबी अंगणातून रांगत निघाली होती. मागून कोंडिबा रिकामी झोळी सांभाळत चालला होता.

"दुपारपर्यंत वेशीला पोचेल," तो म्हणाला.

हौसाला रडू फुटलं. "एकुलती एक पोर आहे हो. तिचं काहीही करायच्या आधी स्वतःवर करून बघा. तुम्हाला सोसलं तरच तिला."

"बरं."

मग छबीला लहानूनंच झोळीतून नेलं; हौसा कंबर धरून हळूहळू मागून चालली. परत मात्र कोंडिबाच आणणार होता.

मामाच्या ओट्यावर न्हावी येऊन बसला. हौसा छबीला पाजायला आत गेली. बाहेर येऊन बघते, तर लहानूच्या मांडीवर कोंडिबा. डोक्याचा तुळतुळीत गोटा झालेला आणि त्यावर छबीचं नवं टोपडं.

"अहो न्हावीदादा, हे काय केलंत?"

"मामाच्या मांडीवर असेल त्याचं करायचं," न्हावी म्हणाला. "मला काय ठाऊक?"

"वस्तरा सोसला," कोंडिबा म्हणाला. "टोपडं जरा आवळतंय."

लहानूच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. कोंडिबानं त्याच्या गळ्यात झोळी अडकवली.

"आता एवढंच बघायचं राहिलं, लहानू. टेकडीपलीकडे घरी पोचव मला. पोटाशी घट्ट बांध, आणि तोंड उघडं ठेव."