करवत माशाचं नाक

जाळी माणसांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. खाडीत करवत माशाचं पिल्लू हिराजी तांडेलाच्या नव्या जाळ्यात अडकलं. त्याचं नाक करवतीसारखं लांब आणि दातेरी. जितकं धडपडे, तितकं ते जास्तच गुंते.

हिराजीने कोयता उचलला. “नवं जाळं कोण फाडणार? नाकच तोडतो नि देतो सोडून. जगेल बिचारं.”

“अरे बाबा,” जाळं म्हणालं, “त्या नाकानंच ते गाळातलं खाणं हुडकतं. मला कापलंस तर संध्याकाळी बसून शिवशील. त्याचं नाक कोण शिवणार?”

हिराजी थबकला. मग त्याने कोयता जाळ्यावर चालवला. पिल्लू शेपूट हलवत खोल पाण्यात गेलं.

संध्याकाळी तो जाळं शिवायला बसला.

“एवढं एक भोक राहू दे की,” जाळं हळूच म्हणालं, “त्याला भावंडं आहेत.”