मामाची शिवणीची पेटी

"ऐकलंत का, त्या पेटीला म्हणे कीड..." साळुंकी एवढंच बोलली आणि सुतारपक्षी समोर दिसताच गप्प झाली.

पाखरंही लग्नात रुखवत मांडायची, त्या काळातली ही गोष्ट. सुतारपक्ष्याने भाचीला द्यायला शिवणीच्या लाकडाची पेटी स्वतःच्या चोचीने घडवली होती. झाकणावर नाजूक वेलबुट्टी कोरली होती. लग्न उद्यावर आलं आणि सगळं रान पेटीतल्या किडीबद्दल कुजबुजायला लागलं.

"बोलू दे की त्यांना, मामा. मला आवडलीय ना!" भाची म्हणाली.

"सासरी टोमणे तुला ऐकावे लागतील, बाळ. थांब, सगळ्यांसमोर दाखवतोच."

कीड शोधायची म्हणजे टोचून बघायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने तळ टोचला, चारी बाजू टोचल्या. काहीच निघालं नाही.

"झाकण राहिलं की हो, भाऊजी," साळुंकी अगदी काळजीने म्हणाली.

मग त्याने वेलबुट्टीही टोचली. शेवटच्या भोकातून एकच अळी निघाली, केव्हाची मरून वाळलेली.

"बघा, मी काही उगाच बोलले नव्हते," साळुंकी हळहळली.

भाचीने तरीही पेटी रुखवतात मांडली. तिच्यात ओटीचे तांदूळ भरले, आणि ते सगळ्या भोकांतून खाली गळून गेले.